कुलपाआड राहिलेला क्वासार

मित्रांनो, मी मुरुडजवळच्या एका शाळेतली जुनी दुर्बीण आहे. माझा आरसा दुकानातून आलेला नाही. विज्ञान शिकवणाऱ्या चांगदेव सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काचेवर काच घासून तो घडवला. माझ्यातून मुलांनी शनीची कडी पाहिली, चंद्रावरचे खड्डे पाहिले. सरांना त्यांना क्वासार, म्हणजे अतिशय दूरचा, ताऱ्यासारखा दिसणारा एक तेजस्वी ठिपका, दाखवायचा होता, पण ते जमण्याआधीच सर निवृत्त होऊन गावी गेले.

नवे मुख्याध्यापक दत्ताराम सर माझी फार काळजी करत. कुणाच्या धक्क्याने मी फुटेन म्हणून त्यांनी मला लोखंडी कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं.

अंधाराची मला सवय होती, अंधारातच तर माझं काम चाले. पण या अंधारात एकही तारा नव्हता. फटीतून खारा वारा येई आणि आरशाची चकाकी खाऊन टाकी. बाहेर वर्ग भरत, सुटत. पाहुणे आले की सर अभिमानाने सांगत, आमच्या शाळेत दुर्बीण आहे. मी आतून ऐकत राही. मला हाक मारता येत नव्हती.

पुढे पट कमी झाला म्हणून शेजारच्या गावची शाळा आमच्या शाळेत मिसळली. ती मुलं वेगळी बसत, आमच्या मुलांशी बोलत नसत. त्यांच्याबरोबर त्यांच्या शिक्षिका कोकिळाबाई आल्या. जागा करताना कपाट हललं, आत खडखडलं. किल्ली सापडेना, तेव्हा बाईंनी कुलूप तोडून घेतलं. माझा आरसा आंधळा झाला होता. बाईंनी तो रेवसच्या लाँचने मुंबईला नेला आणि नवा मुलामा चढवून आणला.

उन्हाळ्यातल्या एका अमावास्येला, जेवणं उरकल्यावर, बाईंनी कन्या राशीतला क्वासार, तो मंद ठिपका, शोधला. त्यांच्या गावच्या साहिलला तो दिसला. आमच्या भक्तीला दिसेना. तेव्हा साहिल पहिल्यांदाच तिच्याशी बोलला, "सरळ नको बघू. जरा बाजूला बघ, मंग दिसंल."

मंद प्रकाश डोळ्याच्या कडेने जास्त चांगला दिसतो. तिलाही दिसला. एवढासाच, म्हणून ती हिरमुसली. बाईंनी समजावलं, की हे एका फार दूरच्या दीर्घिकेचं केंद्र आहे. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात, तेव्हा त्यांच्यातला वायू मधल्या कृष्णविवराकडे लोटला जातो. पडता पडता तो इतका तापतो, की त्या दीर्घिकेतल्या साऱ्या ताऱ्यांहून जास्त उजळतो. पुष्कळ क्वासार असेच पेटले असावेत, असं शास्त्रज्ञांना वाटतं. हा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर माणूसच काय, मासाही नव्हता.

साहिलने विचारलं, "मंग तारे एकमेकांवर आपटत न्हाय?"

बाई म्हणाल्या, ताऱ्यांच्या मधे खूप जागा असते.

तेवढ्यात दत्ताराम सर नवं कुलूप घेऊन आले. "तुटली तर, बाई?"

"तुटली तर दुरुस्त करू, सर. तुम्ही बघितलंत का कधी हिच्यातून?"

सरांनी कधीच पाहिलं नव्हतं. ते वाकले आणि बराच वेळ उठले नाहीत. कुलूप त्यांच्या खिशातच राहिलं.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत एखादं बंद कपाट असेल. आतली वस्तू मागून घ्या, वापरा, पुसून ठेवा. मी कोंडलेली होते, त्या वर्षांत कितीतरी मुलं शाळा सोडून गेली. त्यांच्यासाठी इतक्या दुरून आलेला प्रकाश कपाटाच्या पत्र्यावर पडून संपला. तो काही मला आता परत आणता येणार नाही.