भिंतीला थापलेला बर्फ

मी घर तापवणाऱ्या भट्टीच्या पोटातली एक चकती बोलतेय, आणि घाबरत घाबरतच बोलतेय. प्रेशर स्विच म्हणतात मला. बिस्किटाएवढा जीव. आत पातळ रबरी पडदा, पाठीला दोन तारा, तोंडाला एक नळी. कारखान्यात एका बाईने माझी नळी ओढून पाहिली, मी 'टक्' म्हटलं, ती हसली. तेवढंच माझं बारसं.

काम एकच. भट्टी पेटण्याआधी पंखा फिरतो, धूर बाहेर ढकलायला. त्याची ओढ मला लागली की मी 'टक्' करते, मग गॅस सुटतो. ओढ लागली नाही तर मी गप्प. कारण धूर घरातच कोंडला, तर त्यातल्या विषाला ना वास, ना रंग. झोपलेलं माणूस उठतच नाही.

मॅनिटोबाच्या बर्फाळ प्रांतात, डॉफिनजवळच्या एका गावात, नेस्तर आणि ओदार्का या म्हातारा-म्हातारीच्या तळघरात मी राहते. वर्षानुवर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यातच माझं सुख होतं.

या हिवाळ्यात त्यांची लेक लेस्या बाळंतपणाला आली, बाळ झालं. बाळाला ऊब हवी म्हणून नेस्तरने बापाची रीत पाळली: फावड्याने बर्फ उचलून उत्तरेच्या भिंतीला बाहेरून कमरेपर्यंत थापला. बर्फाची गोधडीच घातली घराला. बापाच्या काळी चूल होती, धूर छपरातून जायचा. माझ्या भट्टीची धुराची नळी त्याच भिंतीतून, गुडघ्याएवढ्या उंचीवर बाहेर निघते. म्हातारा ते साफ विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा फिरला. ओढ लागेना. मी गप्प.

वरून लेस्याने बापाला हाक मारली, "तातो, बाळाचे हात गार पडलेत! काहीतरी कर ना!"

नेस्तर धडपडत खाली आला. वीज बंद करून त्याने मला सोडवलं, तारा काढल्या, नळी तोंडात धरली.

"हळू ओढ," जिन्यावरून ओदार्का म्हणाली. "सूप पितोस तसं ओढलंस तर फाटेल बिचारी."

त्याने हळूच ओढलं. टक्. सोडलं. टक्. मग वीज तपासायच्या मीटरच्या दोन सुया माझ्या पाठीला लावून पुन्हा ओढलं. मीटर पीं वाजलं. ओढ सुटली, मीटर गप्प.

"ही तर ठणठणीत आहे!" तो म्हणाला. मला वाटलं, सुटले. पण त्याने मला जागेवर बसवून वीज लावली आणि खिशातून तारेचा तुकडा काढला. "उगाच नखरे करते. पंखा फिरला की हिच्या दोन्ही तारा जोडून टाकतो. भट्टी पेटेल."

त्या तुकड्याने मी जिवंतपणी मुकी होणार होते. वर बाळ रडत होतं. पंखा फिरू लागला. तार माझ्या पाठीला टेकायला बोटभर अंतर उरलं.

"थांब रे म्हाताऱ्या!" ओदार्का ओरडली. "तू ओढलंस तर बोलते, पंखा ओढतो तर बोलत नाही. म्हणजे पंख्याचाच श्वास कोंडलाय. धूर निघतो कुठून?"

"उत्तरेच्या भिंतीतून..." तो म्हणाला, आणि हातातली तार टाकली. कोटाची बटणंही न लावता तो बाहेर धावला.

फावड्याचे घाव मला भिंतीतून ऐकू आले. मग एकदम माझ्या नळीला ओढ लागली. टक्! जाळ धडाडला. वर लेस्या रडली की हसली, कळलं नाही. म्हाताऱ्याने खाली येऊन तो तारेचा तुकडा उचलला आणि खिशात ठेवला.

त्याने धुराच्या नळीपुरतं भोक पाडलंय, बर्फाचा सगळा बांध काढलेला नाही. बापाची रीत मोडवत नाही. आज वारा उत्तरेचा सुटलाय. भोकाच्या काठाचा बर्फ भुरभुरत धुराच्या नळीच्या तोंडाशी येतोय, ओढ जराशी ढिली झाली की मला कळतं.

नेस्तर, ओदार्का, माझी परीक्षा हवी तितकी घ्या. पण मला डावलून तारा जोडू नका. मी गप्प बसले, तर समजा मी किंचाळतेय. आधी बाळाला कुशीत उबेला घ्या, आणि बाहेर जाऊन भिंत बघा.