सतरंजीची दशी आणि सिदूची शेळी

मित्रांनो, बीडच्या एका भाषावर्गात तुम्ही कधी आलात, तर कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली निळ्या-लाल पट्ट्यांची सतरंजी म्हणजे मी. माझी गोष्ट फार मोठी नाही. कदाचित ऐकण्याजोगीही नसेल.

माझा जन्म एका तुरुंगातल्या मागावर झाला. मला विणणारे कैदी एकमेकांकडे सतत तिरक्या नजरेने पाहत. ती नजर माझ्यात उतरली असावी, कारण माझ्यावर नवा माणूस बसला की आधी मनात येते, हा कशाला आला असेल? पुढे मी गावच्या सभांना गेले, बारशांना गेले. "गाद्यांपेक्षा हीच बरी," असे लोक म्हणत. मग दिवाणखान्यात सोफे आले आणि मी माळ्यावर पडले. उंदरांनी एक कड कुरतडली. शेवटी मला भाषावर्गात देऊन टाकले.

त्या वर्गात कारखान्यात कामाला परदेशी जाणारी पोरे कोरियन भाषा शिकतात. शिकवायला किम सर आणि सुजिन बाई हे दोघे कोरियाचे. इंग्रजीला आयर्लंडच्या हेलन बाई. त्यांना मोडके मराठी येते. एका रविवारी तिघे मला गाडीत घालून गेवराईजवळ गोदावरीच्या काठी जेवायला गेले.

काठावर सिदू आणि त्याची आई कडूबाई शेळ्या चारत होते. सिदूने लांबूनच विचारले, "माय, हे वाळूवाले हायत का मोजणीवाले?"

"तसलं काय न्हाई रं. जेवाया आलेत."

"हितं? बीडातली हाटेलं सपली व्हय?"

मला त्याचे म्हणणे पटले. किम सर वयाने मोठे म्हणून बाकी दोघी त्यांच्यासाठी थांबल्या. पण त्यांनी खाल्ले नाही. भाताचा एक घास घेतला, काही पुटपुटले आणि तो झुडपाकडे फेकला. माझे सगळे लक्ष त्यांच्या हाताकडे होते. अन्न कोण असे टाकते? तेवढ्यात मागून माझी दशी कोणीतरी ओढली. मी तिकडे लक्ष दिले नाही.

थोड्या वेळाने सिदूची एक शेळी खोकू लागली. मान ताणून तोंडातून फेस गाळत ती बसकण मारून पडली. सिदू धावत आला. त्याची बहीण बबिता माहेरी बाळंत झाली होती, आणि तिला अंगावर दूध नव्हते. तान्हे लेकरू ह्याच शेळीच्या दुधावर होते.

"काय टाकलं बे? भानामती केली का?" असे म्हणत त्याने गाडीची किल्ली काढून घेतली. "शेळी उठंस्तवर कुणी हलायचं न्हाई!"

"दादा, आम्ही काही केले नाही," हेलन बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज डळमळला. त्यांनी किम सरांकडे वळून इंग्रजीत विचारले, आणि त्या विचारण्यात प्रश्नापेक्षा आरोप जास्त होता. दोन वर्षे त्यांच्यासोबत शिकवणाऱ्या किम सरांची मान खाली गेली. ते काहीतरी हळू आवाजात सांगत राहिले.

"ते म्हणतात, बाहेर जेवताना पहिला घास मातीला. त्यांचे वडील तसे करायचे," बाईंनी सांगितले.

"थापा हायत!" सिदू ओरडला.

कडूबाई मात्र शेळीजवळ बसली होती. "येळअमावस्येला धरणीमायला म्हून तू रानात आंबील शिंपडतूस, ती बी भानामती का रं? गप ऱ्हा, अन् हिचं तोंड धर."

तिने शेळीच्या जबड्यात दोन बोटे घातली आणि हळूहळू ओढू लागली. निळा दोरा बाहेर आला, वीतभर, मग हातभर. त्याच्यामागे लाल. शेळीने एक मोठा श्वास घेतला, डोके झटकले आणि ती उठून उभी राहिली.

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

सिदूने किल्ली परत दिली, पण घुश्श्यातच. "तरीबी भात फेकाया पुन्हा हिकडं येऊ नगा," म्हणाला. हेलन बाई किम सरांसमोर उभ्या राहिल्या आणि सरांच्या देशात वाकतात तशा कमरेत वाकल्या. सरांनी बाईंच्या पानात भात वाढला. कडूबाईने माझ्या उरलेल्या दशांना गाठी मारल्या आणि म्हणाली, "बाई, वर्गात कुनालातरी हिची कड शिवाया सांगा."

मित्रांनो, ती कड अजून कोणी शिवलेली नाही. तुमच्या घरी, शाळेत अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिचा सुटलेला दोरा वेळीच पाहा. दोष दोऱ्याचा खरा, पण माझा अधिक. शेळी माझी दशी ओढत होती, तेव्हाच मी तिकडे पाहिले असते तर! पण मी एका भल्या माणसाच्या हातावर पाळत ठेवून होते. सर आजही तास संपल्यावर मला स्वतः झटकून नीट गुंडाळून ठेवतात. मला वाचा नाही आणि उठून वाकताही येत नाही, म्हणून त्यांची माफी मागायची राहूनच गेली आहे.