झऱ्याच्या वरचे चार संडास

सोळा वर्षांच्या इमोजेनला आमच्या बेटावरच्या गावातून चाळीस तास न्यायचे होते. सेवेचे तेवढे तास प्रमाणपत्रावर चढले, की ब्रिस्बेनच्या तिच्या शाळेत तिचं वजन वाढणार होतं, पुढे कॉलेजच्या अर्जातही. बरोबरच्या अकरा पोरांचंही तेच. आमचा गावप्रमुख आपेनिसा याला त्याहून मोठं घबाड दिसत होतं. काम नीट पार पडलं तर गावातल्या एका मुलीला आपल्या शाळेत फुकट घेऊ, असं त्यांच्याबरोबर आलेले शिक्षक व्हिटकोम सर बोटीतून उतरता उतरताच म्हणाले होते. आपेनिसाला मुलगी एकच, लोसालिनी. आणि मी त्यांचा स्वयंपाक करणार होते, दोन आठवडे बांधलेला रोज मिळणार होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल, उनाईसी बाकीच्यांकडे बोट दाखवून मोकळी झाली.

काम चार संडास बांधायचं होतं. जागा सरांनी हेरली, झऱ्याच्या वरची सपाटी. तिथून मागे समुद्र दिसतो, फोटो छान येतो. त्याच झऱ्याचं पाणी नळीने सगळ्या गावाला येतं आणि ती नळी म्हातारा साकिउसा सांभाळतो.

सभाघरात सर मांडी घालून बसले. त्यांना कुणीतरी पढवून पाठवलं होतं. पिशवीतून त्यांनी देवमाशाचा दात काढला, दोन्ही हातांवर धरला आणि त्या जागेची मागणी घातली. आमच्यात दात हातात घेतला म्हणजे मागणी मान्य. जे बोलायचं ते घेण्याआधी. नंतर तोंड उघडलं तर अख्ख्या गावाची लाज जाते.

साकिउसा खाकरला. "आपेनिसा, जरा थांब. ती जागा..."

आपेनिसाने हात पुढे केले आणि दात घेतला. आम्ही रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर साकिउसाने त्याला गाठलं. "एवढी घाई कसली रे? दाताला पाय फुटणार होते?"

"काका, पाहुण्याला तोंडावर नाही म्हणू?"

"नाही नको म्हणूस. खालच्या माळावर बांधा म्हण."

"आता दात घेतलाय."

"घेतलास तू. पाणी आम्ही प्यायचंय."

"खड्ड्यातलं पाणी झऱ्यात उतरतं, हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या नळीने?"

सगळे हसले. मीही हसले.

पाचव्या दिवशी मी दालोचे कंद सोलत बसले होते, तर इमोजेन गुडघ्यापर्यंत चिखलात माखून आली. त्या बारा जणांत मन लावून खणणारी ही एकटीच. तिच्याशी मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायची.

"उनाईसी मावशी, खड्ड्याच्या तळाला पाणी लागलंय. झरा बरोबर खालीच आहे ना? ते तिकडे जात असेल तर?"

आपेनिसा दाराशीच बसला होता. तो माझ्याकडे बघत राहिला.

तेवढं 'हो' पुरलं असतं. पोरीने सरांना सांगितलं असतं. मागणी पाहुण्यांनी आपणहून मागे घेतली, तर दात परत देता येतो, कुणाची मान खाली जात नाही. पण काम थांबलं असतं, पोरं लवकर परतली असती, लोसालिनीची शाळा गेली असती आणि माझे उरलेले रोजही.

"परवाच्या पावसाचं आहे ते. मुरेल," मी म्हणाले.

"नक्की?"

"पन्नास वर्षं राहतेय गं मी इथे."

तिचा चेहरा मोकळा झाला. दालोचा एक उकडलेला तुकडा खाऊन ती पुन्हा खणायला गेली. दोन आठवड्यांनी गाव सोडताना माझ्या गळ्यात पडून रडलीही.

पावसाळ्यात खड्डे काठोकाठ भरले. नळीच्या पाण्याला ना वास आला, ना रंग बदलला. साकिउसाची नात तोरिका तापाने पडली. डेंग्यू असेल म्हणून आम्ही आठ दिवस पपईच्या पानांचा रस पाजला. मग आणखी दोन पोरं पडली, तेव्हा बोट काढून तिघांना हॉस्पिटलात नेलं. टायफॉइड निघाला. दोघं वाचली. तोरिकाचं आतडं फाटलं होतं.

नर्स चौकशीला आली. संडास कुठे आहेत, असं तिने विचारलं. साकिउसाने झऱ्याच्या वरच्या सपाटीकडे हात केला. आठवड्याभरात खड्डे बुजवले. जानेवारीत लोसालिनी ब्रिस्बेनला गेली, बोटीत चढताना बापाकडे पाठ करून.

मार्चमध्ये इमोजेनचं पत्र आलं. गावाच्या नावाने होतं, म्हणून सभाघरात वाचलं. मास्तर वाचायचे आणि आमच्या भाषेत सांगायचे. संडासांचा फोटो पाठवा, असं तिने लिहिलं होतं. पुढे होतं, 'पाणी झऱ्यात जाईल अशी मला भीती वाटत होती, पण ते पावसाचं आहे असं उनाईसी मावशींनी सांगितलं आणि मी निश्चिंत झाले.'

मास्तरांनी पत्र खाली ठेवलं.

"तिने तुला विचारलं होतं?" साकिउसा म्हणाला.

"हो."

"आणि तुला ठाऊक होतं."

मी आपेनिसाकडे बघितलं. तो चटईचे धागे उपसत होता. साकिउसा उठला आणि वाकून, बसलेल्यांमधून जाताना रिवाजाप्रमाणे मागतात तशी सगळ्यांची माफी मागत बाहेर गेला.

फोटो आम्ही पाठवला नाही. सगळं छान आहे, असं मास्तरांकडून लिहवून घेतलं. इमोजेनला तिचे चाळीस तास मिळाले, लोसालिनीला शाळा मिळाली आणि मला चौदा दिवसांचा रोज पुरा मिळाला. आमच्या तिघींचंही मोल तोरिकाने भरलं. ती सात वर्षांची होती.