मालनच्या जोडव्यांचा टाक

"माझ्या हातून प्लेटिंग बिघडेल, त्या दिवशी डोंबिवलीची हवा शुद्ध होईल," तानाजी म्हणाला.

संध्याकाळपर्यंत प्लेटिंग बिघडलं. हवा होती तशीच राहिली.

तानाजीचं एमआयडीसीत चांदीच्या मुलाम्याचं छोटं वर्कशॉप. बायको मालन जाऊन वर्ष होत आलेलं. वर्षश्राद्ध झालं की तिचा टाक देवघरात बसवायचा होता. टाक म्हणजे पत्र्यावर ठोकलेली छोटी आकृती; गेलेलं माणूस तसं देवांमध्ये येऊन बसतं. तानाजीने तांब्याचा टाक करून आणलेला. कारागिराच्या डोक्यावर बसून मालनचं बसकं नाकसुद्धा काढून घेतलेलं. वर चांदी हवी होती, ती मात्र तिचीच. आयसीयूत नर्सने काढून पिशवीत दिलेली जोडवी, तेवढीच उरलेली.

"सोनाराकडे वितळवून त्यांचाच टाक करा ना," मुलगी ऐश्वर्या म्हणाली. ती क्लासमध्ये आठवीच्या पोरांना सायन्स शिकवते. "फिजिकल चेंज. चांदी ती चांदीच राहते."

"घरात प्लेटर असताना सोनार? लोक तोंडावर हसतील."

काम सोपं होतं. जोडवी लाल वायरीला, टाक काळ्या वायरीला, दोन्ही टाकीतल्या चांदीच्या पाण्यात. करंट सोडला की जोडवी विरघळणार आणि त्यांची चांदी टाकावर जाऊन बसणार.

पण इतकी वर्षं तानाजीच्या हाताला एकच सवय. झिजवायचा माल लाल वायरीला, जपायची वस्तू काळ्या वायरीला. त्याने पिशवीतून जोडवी काढली, शर्टाला पुसली, आणि हाताने ती आपणहून काळ्या वायरीला लावली. टाक लाल वायरीला अडकवून साहेब चहाला गेले.

परत आले तर जोडवी चांगली गुबगुबीत झालेली. टाकाला डोळे नव्हते. नाकही नव्हतं.

"पप्पा, उलटं लावलंत!" डबा घेऊन आलेली ऐश्वर्या ओरडली.

"जोडवी झिजवायला हात होईना गं."

"मग बदला वायरी. चांदी परत येईल."

"चांदी येईल. नाक?"

"नाक नाही येणार."

"तू पोरांना शिकवतेस ना, परत येतं ते कुठलं?"

"फिजिकल. बर्फाचं पाणी, पाण्याचा बर्फ."

"तिला ॲडमिट केलेली ना, तेव्हा मला ते तसलंच वाटलेलं."

करंट अजून चालूच होता, तो ऐश्वर्याने बंद केला.

श्राद्ध उद्यावर आलेलं, दुसरा टाक कुठून आणणार? वायरी बदलल्या. जोडवी हळूहळू संपली. टाक चांदीचा झाला, कोरा, गुळगुळीत, चकचकीत. टाकीत गिऱ्हाइकांची चांदी होतीच. आता टाकावर त्यांची किती आणि मालनची किती, कोण सांगणार? शेजारणीची वाटी साखर घातल्याशिवाय परत न करणारी बाई ती.

श्राद्ध झाल्यावर तानाजीने टाक देवघरात मधोमध बसवला. अंगठ्याने, जिथे नाक होतं तिथे, हळद लावली.

हे सगळं श्राद्धाला आलेल्या सुमतीआत्याला कोणी सांगितलं नव्हतं. आरतीच्या वेळी तिने टाक उचलला, हळद पदराने पुसली, ताटली समजून त्यावर कापूर ठेवला आणि पेटवला.