तळपायांनी निवडलेली गाणी

नाताळच्या पार्टीत कोणती गाणी लावायची, हे भाची आठवडाभर मावशीच्या तळपायांना विचारत होती.

घरातली जमीन लाकडी फळ्यांची. स्पीकर फळ्यांवर उपडा ठेवायचा, मावशीने चपला काढून शेजारी उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. घंटा किणकिणणारं गाणं लागलं की तिचा चेहरा कोरा राही. जाड ढोलाचं लागलं की ते टाचांतून वर चढे, गुडघ्यांत रेंगाळे आणि मावशी पाण्यात उभी असल्यासारखी हलकेच डुलू लागे.

“हे ठेव,” ती म्हणे. “याला धरायला कठडा आहे.”

दोन वर्षांपासून मावशीला ऐकू येत नव्हतं. हे फक्त भाचीला ठाऊक होतं. दोघी एकाच गिरणीत माग चालवत. तिथल्या खडखडाटात सगळेच ओठ वाचून बोलत, म्हणून झाकली मूठ झाकलेली राहिली होती. मावशीला गिरणीत ‘कान’ म्हणत. चाळीस मागांतला कुठला बिघडलाय ते ती दारातूनच सांगे, अशी ख्याती. अलीकडे ती फिरता फिरता प्रत्येक मागावर तळहात ठेवी आणि मग सांगे. यंदा ती निवृत्त होणार होती, आणि निवृत्त होणाऱ्याने पार्टीतला पहिला नाच करायचा, असा गिरणीचा रिवाज होता.

“कान म्हणून नाव कमावलं, कान म्हणूनच जाईन,” तिने बजावलं होतं. “कुणी ‘बिच्चारी’ म्हणून पाहिलं ना, तर तुझी खैर नाही.”

भाचीने अकरा गाणी निवडली.

पार्टीच्या दुपारी माग बंद होते. जेवणघराच्या उंच खिडक्यांतून ऊन तिरपं उतरलं होतं. कपड्यांना चिकटून आलेलं कापसाचं तूस त्यात तरंगत होतं आणि खाली यायची त्याला मुळीच घाई नव्हती. खडखडाट थांबला की गिरणीतली माणसंही तशीच चालत, जरा अधांतरी.

“चला, कान!” मुकादम गरजला. त्याला सगळे भोंगा म्हणत. “आज तुमचे पाय बघू!”

भाचीने स्पीकर जमिनीवर उपडा ठेवून पहिलं गाणं लावलं. मावशी चपला काढून मधोमध उभी राहिली. उभीच राहिली.

भाचीने खाली पाहिलं. फरशी दगडी होती. बारा वर्षं ती इथे रोज डबा खात होती, आणि हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ढोल दगडात विरून जात होता.

“लाजताय होय?” भोंग्याने विचारलं.

मावशीने भाचीकडे पाहिलं. भाची ओठ उघडणार, तेवढ्यात थांबली. इथे आवाज न करता बोललेलंही चाळीस जण वाचणार. तिने स्पीकर उचलला आणि जेवणाच्या लांब लाकडी टेबलावर उपडा टाकला. पेले थरथरले.

मावशीला ती थरथर दिसली. ती टेबलाशी गेली, कडेला बोटं टेकवली, आणि तिचे खांदे सैल झाले.

“खुर्ची दे गं.”

“टेबलावर? या वयात?” कुणीतरी ओरडलं. “इतक्यातच चढली वाटतं!”

मावशीची तिकडे पाठ होती, म्हणून हा टोमणा तिच्यापर्यंत पोचलाच नाही. वर चढून तिने पदर खोचला आणि भोंग्याकडे बघत म्हणाली, “लाजेन कशाला? जागा पुरत नव्हती.”

मग ती नाचली. आधी अर्धा ठेका मागे, मग नेमकी ठेक्यावर. तिच्या हातांभोवती तूस संथ घुमत होतं. गाणं संपलं त्या क्षणी ती थांबली.

“याला म्हणतात कान!” भोंगा म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

दुसरं गाणं सुरू झालं. मावशीने वरून हात पुढे केला. “बघतेस काय? ये.”

भाची चपला काढून चढली. तिने डोळे मिटले. खालचा गलका दूर गेला, आणि ढोल तळव्यांतून वर येऊ लागला.