नऊ बाजार, तीन किल्ले आणि ओपांचा होकार

माझ्या तक्त्यात नऊ नाताळबाजार होते, तीन किल्ले होते, बर्लिनच्या भिंतीचा उरलेला तुकडा होता, आणि एकशे ऐंशी वर्षांपूर्वी आमच्या ऑटमर्स घराण्यातले लोक जिथून जहाजात बसून टेक्ससला आले ते ओबरहाइनबाख गाव होतं. बाजारांना लाल रंग, इतिहासाला निळा, खाण्याला पिवळा. पिवळा इतका झाला की आईने विचारलं, "हे जर्मनी आहे की मोहरीचं शेत?"

तक्ता फ्रिजवर चिकटवला तेव्हा मला नाचावंसं वाटलं, आणि मी नाचलेच. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायचा म्हटलं की मी बाकाखाली पेन शोधायला लागायचे. या ऑक्टोबरात मी जिल्ह्याच्या जर्मन भाषणस्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही, यावर घरात एकमत आहे. म्हणूनच बाबांनी सहलीची आखणी माझ्यावर सोपवली. अट एकच.

"रविवारी जेवण झालं की मी तिकिटं काढणार," ते म्हणाले, "पण सगळे येत असतील तरच. सगळे म्हणजे सगळे, लेनी. एकाला मागे ठेवून कसला नाताळ?"

सगळे म्हणजे पाच जण. मी तर होतेच. आई बाजारांवर खूश होती, बाबा किल्ल्यांवर. फर्ना आजी, म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण, हिने लोकरीचे मोजे काढून उन्हात टाकले होते. उरले आजोबा. आम्ही त्यांना ओपा म्हणतो. वय ब्याऐंशी, अंगोरा बकऱ्या चाळीस आणि उत्तर एक: नाही.

"पण का?" मी विचारलं.

"गुडघे."

"सगळीकडे लिफ्ट आहे, ओपा."

"बकऱ्या."

"शेजारचे बघणार आहेत. मी विचारून आले."

"तू बकऱ्यांनाही विचारून आली असशील," ओपा म्हणाले आणि टोपी घालून गोठ्याकडे निघून गेले.

शुक्रवारी दुपारी मी फर्ना आजीकडे रडगाणं घेऊन गेले. ती अक्रोडासारखे पेकान फोडत बसली होती. नाताळच्या केकसाठी तिला दोन बादल्या लागतात.

"गुडघे म्हणे," ती म्हणाली. "परवा तो कुंपणावरून उडी मारून गेला, मी या डोळ्यांनी पाहिलं. तुला खरं कारण हवंय?"

"हवंय."

"मग बस आणि फोड. वीस वर्षांचा असताना त्याला सैन्याने जर्मनीत पाठवलं. पोरगा हरखून गेला. आपल्या घरात बोलतो तीच भाषा, आता तर आपण राजे. पहिल्याच रविवारी खानावळीत कुणा मुलीने विचारलं, अमेरिकेहून आलास कसा? हा छाती काढून म्हणाला, लुफ्टशिफमधून."

मला हसूच आलं. आमच्या डोंगरातले म्हातारे विमानाला लुफ्टशिफ म्हणतात, हवेतलं जहाज. आमचे पूर्वज टेक्ससला आले तेव्हा विमान कुठे होतं? पुढे ते आलं, तेव्हा जवळ होते ते शब्द जोडून त्यांनी नाव पाडलं. पण जर्मनीत लुफ्टशिफ म्हणजे वायू भरलेला तो जुना प्रचंड फुगा.

"हसलीस ना?" फर्ना आजी म्हणाली. "सगळी खानावळ अशीच हसली. दोन वर्षं त्याला फुगेवाला म्हणत होते. त्यानंतर घराबाहेर त्याने जर्मन शब्द काढला नाही. आणि गेल्या महिन्यात घरातही बंद झाला."

माझ्या हातातला पेकान तसाच राहिला. गेल्या महिन्यात माझ्या बक्षिसाची मेजवानी होती. वरून विमान चाललं होतं. ओपा बोट दाखवून 'लुफ्टशिफ' म्हणाले, आणि मी वीस पाहुण्यांसमोर म्हणाले, "ओपा, त्याला फ्लुगत्सॉयग म्हणतात. तुमचा शब्द आता संग्रहालयात द्या." सगळे हसले. ओपांनी बटाट्याची कोशिंबीर संपवली. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलतात, आणि मला वाटत होतं की ते माझ्यावर खूश आहेत म्हणून त्यांनी जर्मन माझ्याकडे सोपवलंय.

शनिवारी सकाळी नऊला मी माफी पाठ करून ओसरीवर गेले. ओपा फाटकाची कडी दुरुस्त करत होते. नेमका तेव्हाच ओबरहाइनबाखला फोन करायचा होता. तिथल्या एकुलत्या एक पाहुणघराच्या मालकीणबाई ईमेल वाचत नाहीत. तिथले दुपारचे चार वाजले की फोन करा, असा त्यांच्या नातीचा निरोप होता. माफी नंतर मागू, असं मी ठरवलं आणि स्पीकर लावला. आता लपवत नाही, मला ओपांना माझं जर्मन ऐकवायचं होतं.

"नमस्कार, आदरणीय लीना वीगांडबाई," मी स्पर्धेच्या आवाजात सुरू केलं. "मी आपल्याकडे पाच व्यक्तींच्या निवासाविषयी विचारणा करू इच्छिते."

पलीकडून एक आवाज आला. त्यातला एकही शब्द माझ्या पुस्तकातला नव्हता.

"क्षमा करा?"

बाईंनी पुन्हा सांगितलं, अधिक मोठ्याने. वाक्याच्या शेवटी 'लाटवेर्ग' असं काहीसं होतं आणि त्यानंतर प्रश्नचिन्ह. मी घाईघाईने विचार केला. लाटवेर्ग. बाल्कनी असणार. किंवा बाथटब.

"हो, नक्की," मी म्हणाले. "प्रत्येक खोलीत एक. शक्य असेल तर मोठं, दोघांना बसता येईल असं."

पलीकडून हसण्याचा असा काही गडगडाट झाला की ओट्याखालचं मांजर उठून गेलं. बाई कुणाला तरी हाक मारून ते वाक्य सांगत होत्या, आणि ते दुसरं माणूसही हसायला लागलं. स्पर्धेतलं सगळं जर्मन एका क्षणात डोक्यातून उडून गेलं, आणि मी पुन्हा ती हात वर न करणारी मुलगी झाले.

ओपांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बाई, हसताय काय," ते त्यांच्या घरच्या जर्मनमध्ये म्हणाले. "माझी नात हाय ती. लहान हाय. लाटवेर्ग ठावं न्हाई तिला."

"अगं बया," पलीकडून आलं. "तुमी कुठलं म्हनायचं?"

"टेक्ससचं."

"टेक्ससचं, आन् बोलताय माज्या आज्ज्यावानी. तो म्हनायचा असं. मग न्याहारीला लाटवेर्ग लागतंय न्हवं?"

"लागतंय की. आमची आजी करायची. इथं आलुबुखार मिळंना, मग पीचचं करायची. नाव तेच."

"पीचचं? पीचचं लाटवेर्ग कुनी बघितलंय?" बाई पुन्हा हसल्या, आणि मी ओपांकडे पाहिलं, आता हे फोन ठेवणार म्हणून. पण ओपाही हसत होते, खांदे हलेपर्यंत.

"तुमी खाल्लं न्हाई म्हनून बोलताय," ते म्हणाले.

पाऊण तास ते बोलत होते. मी पायरीवर बसून ऐकत होते, आणि हळूहळू मलाही कळायला लागलं. फोन ठेवल्यावर मी पाठ केलेली माफी विसरले.

"ओपा," मी म्हणाले, "मेजवानीत मी मूर्खासारखं बोलले."

"हो," ओपा म्हणाले. मग जर्मनमध्ये म्हणाले, "दोघांना बसता येईल असा मुरंबा," आणि पुन्हा हसायला लागले.

रविवारी जेवणं झाली. बाबांनी लॅपटॉप उघडला. "तर मग? पप्पा, होकार की नकार?"

ओपा चष्मा लावून फ्रिजसमोर उभे होते. "हा तक्ता कोणी केला? सत्तावीस तारखेला ओबरहाइनबाखचा बाजार? सत्तावीसला तिथे रिकामं मैदान असतं. लीना म्हणते, बाजार वीस तारखेला, एकच दिवस. आणि हे चार बाजार नाताळनंतर? चोवीसच्या आधी सगळे उठतात."

मी गार पडले. नऊपैकी पाच लाल चौकोन गेले.

"अठराला निघायला हवं," ओपा म्हणाले.

"दोन दिवस शाळा बुडेल," आई म्हणाली.

"बुडू दे. आणि किल्ला दुपारी नको, दुपारी मी झोपतो."

फर्ना आजीने मला कोपराने ढोसलं. बाबांनी लगेच पाचवं नाव टाइप करायला घेतलं.

ओपांनी निळं पेन मागितलं आणि वीस तारखेच्या चौकोनात जर्मनमध्ये लिहिलं: लीनाकडे, कॉफी, तीन वाजता. त्यांना जर्मन लिहायला कुणी शिकवलं नव्हतं, जसं ऐकलं तसं त्यांनी उतरवलं. माझ्या पुस्तकाप्रमाणे एवढ्याशा ओळीत दोन चुका होत्या. दोन्ही मला लांबूनच दिसल्या.

"एकवीसचा चौकोनही रिकामा आहे, ओपा," मी म्हणाले. "तिथे काय लिहायचं?"