मेणाची टाकी

बाळाच्या अंगाला मेण लागलं, हे मला शनिवारी सकाळी सात वाजता फोनवर कळलं. फोन डॉक्टर नीरजाचा. कारेलीबागेत तिचं नऊ खाटांचं प्रसूतिगृह आहे आणि त्याच्या गच्चीवर मी दोनच दिवसांपूर्वी माझी टाकी बसवली होती. "बाळ ठीक आहे," ती म्हणाली, "पण गंगाबाई भडकल्यात. तू आधी ये."

मी तशीच स्कूटर काढून गेले. गंगाबाई म्हणजे तिथल्या जुन्या आया, वीस वर्षं बाळांना न्हाऊ घालणाऱ्या. त्यांनी तांब्याचं घंगाळ माझ्यापुढे आदळलं. पाण्यावर थिजलेल्या तुपासारखा पांढरा थर होता. "बघ बेन," त्या म्हणाल्या, "मी इथं पोरं न्हाऊ घालते ने, मेणबत्त्या नाही पाडत!"

मी त्या थरात बोट घातलं. मेणच होतं, माझ्या टाकीतलं.

उन्हावर पाणी तापवण्यात १९९६ साली काही नवल राहिलं नव्हतं. काळा पत्रा, तांब्याच्या नळ्या, वर काच, की झालं काम. पण ते पाणी तापतं दुपारी, जेव्हा ते कुणाला नको असतं. बाळं न्हातात सकाळी सहाला. पौषातल्या थंडीत रात्रभरात टाकी गार होते, आणि ढग आले तर सगळाच आनंद. माझी युक्ती अशी, की टाकीत मेणाचे बंद डबे ठेवायचे. दिवसा मेण वितळतं आणि वितळताना भरपूर उष्णता पोटात घेतं. पाणी गार व्हायला लागलं, की थिजता थिजता तीच उष्णता परत देतं. हे पुस्तकात आहे, मी शोधलेलं नाही. पण गोरव्याच्या आमच्या पत्राकामाच्या शेडमध्ये, साध्या जस्ती पत्र्यात, कुणालाही दुरुस्त करता येईल असं ते बसवणं मी शोधलं. त्यात माझी तीन वर्षं गेली. अकरा ठिकाणी मला नकार मिळाला होता. नीरजा शाळेतली मैत्रीण म्हणून हो म्हणाली.

"राजेश्वरी, माझ्या डोक्यावर नऊ बाळंतिणी आहेत," ती आता म्हणाली. "परवाचा सोडून पुढच्या सोमवारी विजेचे गीझर लावायला माणूस येतोय. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, तुझ्या टाकीतून स्वच्छ गरम पाणी आलं तर मी त्याला परत पाठवते. नाही आलं तर टाकी उतरव. मैत्री मधे आणू नको."

"नाही आणणार," मी म्हणाले.

बाहेर येऊन मी गच्चीचा जिना चढले. बाजार खुला झाल्यापासून गीझर पाच-पाच रंगांत येत होते. बाळाच्या अंगाला मेण फासणारी टाकी एकदा खाली उतरली, की ती तेराव्या गच्चीवर कोण चढवणार? मग मी जन्मभर शेडमध्ये खिडक्यांच्या जाळ्या करायच्या, हे मला स्पष्ट दिसत होतं.

टाकी उघडली. अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस डबे शिवणीजवळ फाटले होते. मी ते पोत्यात घालून शेडवर नेले आणि आबांच्या पुढ्यात ओतले.

आबा म्हणजे माझे वडील, हंबीरराव. आजोबा-पणजोबांनी संस्थानच्या फौजेत तलवार धरली, आबांनी पत्र्याला कथलाचा डाग देणारी झाळकामाची कावी धरली. गोरव्यात त्यांच्या झाळीला नाव होतं. डब्यांची झाकणं त्यांनीच लावली होती.

"झाळ सुटली," मी म्हणाले.

"माझी झाळ सुटत नाही."

"आबा, तुमचा हात आता थरथरतो. मान्य करा ना एकदा!"

हे मी कामगारांसमोर बोलले. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि एक फाटका डबा उचलून उजेडात धरला. मग तो माझ्या हातात दिला. झाळ जागच्या जागी होती, फाटला होता तो शेजारचा पत्रा. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, तरी माफी मागायचं सुचलं नाही. मी तशीच आहे. मी डबे मोजायला लागले, मग हिशेबाची वही काढली, मग मेणाचं पोतं शोधायला लागले. माझ्या गणिताप्रमाणे आठ किलो मेण उरायला हवं होतं.

"आबा, मेणाच्या उरलेल्या वड्या कुठे ठेवल्यात?"

"उरल्या कुठे? डब्यांतच गेल्या."

"डब्यांत कशा जातील? मी चार बोटं मोकळी सोडून ओतलं होतं."

"ते रात्रीत थिजून आणखी खाली गेलं. मधे हा एवढा खळगा. दुसऱ्या दिवशी झाकणं लावताना बघितलं, तर प्रत्येक डबा उणा. मग उरलेल्या वड्या वितळवून वरून भरले, पार काठापर्यंत."

मी मटकन स्टुलावर बसले. मेण वितळलं की फुगतं. त्या चार बोटांत ते फुगणार होतं. काठोकाठ भरून झाकण बंद केल्यावर त्याला पत्रा फाडण्याशिवाय वाटच उरली नव्हती.

"पण का भरलेत?"

आबांना हा प्रश्नच समजला नाही. "अगं, बाळंतिणीच्या घरी उणा डबा पाठवतात का? तुझ्या वेळी तुझ्या आजीनं डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला होता, त्यात बोट शिरायला जागा नव्हती. आपल्या घरातून असा अर्धामुर्धा डबा गेला असता, तर तुझ्या आईनं मला घरात घेतलं नसतं."

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही, आणि त्यातून हसू आलं. मग आठवलं, मी आबांना फक्त 'चार बोटं मोकळी राहू द्या' असं फर्मावलं होतं. का सोडायची, ते सांगितलं नव्हतं. मी कुणालाच काही सांगत बसत नाही, सांगण्यात वेळ जातो म्हणून. घ्या, वाचला वेळ!

त्या दुपारी मी आबांना मेण वितळवून दाखवलं. काचेच्या बरणीवर रेघ मारली, थिजलेलं मेण रेघेपर्यंत भरलं आणि बरणी गरम पाण्यात ठेवली. मेण रेघेच्या वर चढलं. आबा वाकून बघत राहिले. "हे आधी दाखवलं असतंस तर," एवढंच म्हणाले, आणि कावी तापत ठेवायला उठले.

"आबा, मघाशी हाताबद्दल बोलले ते..."

"थरथरतोच तो. म्हणून तर मी दोनदा झाळतो. चल, पत्रा काप."

पाच दिवसांत आम्ही अठ्ठेचाळीस डबे नव्यानं केले. आबांनी प्रत्येक डब्याला आतून खूण केली आणि त्या खुणेच्या वर मेणाचा थेंबही जाऊ दिला नाही. मी आणखी एक बदल केला. डबा फुटलाच तरी मेण बाळापर्यंत पोचता कामा नये, म्हणून अंघोळीचं पाणी डब्यांच्या भोवतीनं न नेता टाकीत बसवलेल्या तांब्याच्या वेटोळ्या नळीतून नेलं. यात थोडी उष्णता कमी मिळणार होती. किती कमी, ते मला ठाऊक नव्हतं आणि करून बघायला दिवस नव्हते.

गुरुवारी सकाळी टाकी गच्चीवर चढली. गुरुवार-शुक्रवार ऊन लख्ख पडलं. रविवारपर्यंत कुणी हात लावू नये म्हणून गंगाबाईंनी नळाला फडकं बांधलं. शनिवारी पहाटे ढग आले आणि दुपारी चक्क मावठं पडलं. काचेवरून पाणी ओघळताना मी गच्चीवर छत्री घेऊन उभी होते. ढगांना शिव्या देऊन झाल्या, त्या गुजरातीतूनही देऊन झाल्या.

संध्याकाळी नीरजानं खाली बोलावलं. "उद्याचं राहू दे," ती म्हणाली. "गीझरवाल्याला मी आठवडाभर थांबवते. असल्या दिवशी तुझी परीक्षा घेणं बरोबर नाही."

माझ्या मनात हो म्हणायचं फार आलं. आबा शेजारीच उभे होते.

"असल्या दिवसासाठीच ती टाकी केलीय," मी म्हणाले. "उन्हात पाणी तापवायला मी कशाला हवी? उद्याच बघ."

"आणि मागच्या वेळी नक्की काय चुकलं होतं?"

आबांनी बोलायला तोंड उघडलं, पण मी त्यांच्या आधी बोलले. "माझं चुकलं. सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही."

रविवारी सहाला न्हाणीघरात आम्ही चौघं दाटीवाटीनं उभे होतो. पाळण्यात दोन दिवसांची मुलगी होती. गंगाबाईंनी फडकं सोडलं, घंगाळ लावलं आणि नळ फिरवला. पाणी गारठलेलं आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नळातलं साचलेलं आहे," मी म्हणाले.

त्यांनी ते ओतून दिलं आणि पुन्हा घंगाळ लावलं. धार पडत राहिली. मी थर्मामीटर पुढे केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला आणि घंगाळावर वाकल्या. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. त्यांनी कोपर बुडवलं आणि झटकन वर घेतलं. मला काही कळेना.

"अरे, बघत काय बसलात सगळे!" गंगाबाई ओरडल्या. "विसण आणा कुणीतरी. पोर भाजेल ने माझी!"

मला रडू फुटलं. गार पाण्याची बादली आणायला आबा धावले.